उस्तादांचं चाकावरचं बिऱ्हाड

बहरीनमध्ये लांबचा प्रवास करता येत नाही, हे उस्ताद सोडून सगळ्यांना माहीत होतं. देश केवढा, तर घरून थर्मासमध्ये चहा भरून निघावं आणि तो निवायच्या आत रस्ता संपून समुद्र लागावा. पण उस्तादांनी त्याच देशात तीन दिवस आणि दोन रात्रींची सहल आखली. त्यासाठी एक जुनी बस विकत घेतली. आणि ‘रिलीफ ड्रायव्हर’ म्हणून मला बरोबर घेतलं, कारण एवढ्या लांबच्या पल्ल्याला एकट्या ड्रायव्हरला झोप लागण्याचा संभव असतो.

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. मआमीरजवळच्या कारखान्यात आमच्या इन्स्ट्रुमेंट वर्कशॉपचे ते फोरमन. मूळचे वर्धा जिल्ह्यातले. अरब इंजिनियर त्यांना उस्ताद म्हणत, मल्याळी फिटर उस्ताद म्हणत, कॅन्टीनवालासुद्धा उस्ताद म्हणे. मी पहिल्या दिवशी ‘सर’ म्हणालो तर त्यांनी मागे वळून पाहिलं, सर कोण आलंय म्हणून. मग माझं नाव-गाव ऐकून म्हणाले, “जय भीम. हेल्मेट कुठी आहे?” दुपारी पाहतो तर माझ्या जेवणाच्या डब्याला तारेने एक स्टीलची पट्टी बांधलेली आणि तिच्यावर नंबर ठोकलेला.

कारखान्यात दाब-तापमान दाखवणाऱ्या प्रत्येक गेजला, प्रत्येक व्हॉल्व्हला अशी नंबराची पट्टी असते. उस्तादांच्या घरी ती कुकरला होती, चपलांच्या जोडाला होती, उशीला शिवलेली होती. “ज्याले नंबर नाही, थे हरवते,” असं त्यांचं म्हणणं. दुसरं म्हणणं, “पह्यले रीडिंग घे, मंग बोल.” जुलैच्या दुपारी आम्ही घामाने निथळत ‘काय उकडतंय’ म्हणालो, की ते उठून भिंतीवरच्या थर्मामीटरपाशी जात, चष्मा वर करून पाहत आणि येऊन सांगत, “सेहेचाळीस. हो, उकडून राह्यलं.” तोवर आम्हाला उकडायची परवानगी नसे.

आणि तिसरं, “गेज खोटं बोलत नाही, मानूस बोलते.” हे मात्र ते जरा खाली मान घालून म्हणत. त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. शुक्रवारी सकाळी आम्ही आपली माणसं कुणाच्या तरी फ्लॅटवर वंदनेला जमायचो. उस्तादांचा आवाज खणखणीत. त्रिशरण दणक्यात, पंचशीलातली पहिली तीन शीलं दणक्यात, पाचवं तर भिंतींना ऐकू जाईल असं. चौथं, म्हणजे खोटं न बोलण्याचं, आलं की त्यांना खोकला यायचा. दर शुक्रवारी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “कफ आहे.”

माणूस दिवसभर बोलायचा. पॅलेस्टाईनपासून पऱ्हाटी-कापसाच्या भावापर्यंत कुठलाही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. फक्त एका माणसाशी त्यांना बोलता येत नसे, ते म्हणजे बायको. काकू गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. रोज संध्याकाळी साडेसहाला उस्ताद फोन लावत, आणि लावला की खुर्चीतून उठून ताठ उभे राहत. “हॅलो. तब्येत ठीक. ड्यूटी ठीक. हवा दमट. पैसे पाठवले. ठेवतो.” शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला जो रिपोर्ट देतात, तोच. पुढे व्हिडिओ कॉल फुकट झाले, तरी मजकूर वाढला नाही. एवढंच झालं की आता ताठ उभे राहिलेले उस्ताद काकूंना दिसू लागले.

“उस्ताद, काहीतरी गोड बोला की,” मी म्हणायचो.

“काय बोलू? हवा दमट आहे त दमटच सांगन न!”

काकू पहिल्यांदा बहरीनला आल्या त्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, व्हिजिट व्हिसावर. इतकी वर्षं का आल्या नाहीत? सुरुवातीला उस्तादांच्या पगाराला फॅमिली व्हिसा मिळत नव्हता, पुढे मिळायला लागला तेव्हा मुलगा शिकत होता आणि त्या शाळा सोडायला तयार नव्हत्या. मी विमानतळावर घ्यायला गेलो होतो. ठेंगण्या, चष्म्याआडून रोखून पाहणाऱ्या, हजेरी घेतल्यासारखं बोलणाऱ्या. दोनच दिवसांत वर्कशॉपची निम्मी मंडळी त्यांना भेटून गेली आणि ‘उस्ताद किती बोलतात, किती हसवतात’ असं सांगून गेली. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “असं? मला तर वाटत होतं माझं लग्न हवामान खात्याशी झालंय.”

त्या हसल्या नाहीत. मीच हसलो.

खरी अडचण पुढेच होती. उस्तादांची साठी भरली होती आणि कंपनीने त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ देऊ केली होती, फॅमिली स्टेटससकट, म्हणजे बायकोलाही इथे ठेवता येईल अशी. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. उस्तादांना राहायचं होतं, पण एकट्याने नाही. “एकट्यानं लई झालं,” असं ते मला व्हॉल्व्हचा बोल्ट आवळता आवळता म्हणाले, आणि बोल्ट तुटला. काकूंचं परतीचं तिकीट सोमवारचं होतं आणि त्यांनी मला स्पष्ट सांगून टाकलं होतं, “दोन वर्षं इथे राहून काय करू? ज्या माणसाला माझ्याशी बोलायला काही नाही, त्याच्यासमोर बसून भिंती पाहू? भिंती माझ्या घरीही आहेत.”

उस्तादांना ‘राहतेस का?’ एवढंच विचारायचं होतं. ते जमेना, म्हणून त्यांनी बस घेतली.

अमेरिकेतले म्हातारा-म्हातारी घरासारख्या गाडीत बसून महिनोन् महिने हिंडतात, गाडीतच रांधतात, गाडीतच झोपतात, वाटेत जुन्या काळची गावं हुबेहूब उभी केलेली असतात ती पाहतात, असे व्हिडिओ ते वर्षभर मोबाईलवर पाहत होते. सित्र्याच्या भंगारात मजुरांची ने-आण करणारी एक बस मिळाली. तिच्या सीटा उपटून दोन पलंग टाकले, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी, पडदे. सगळ्याला नंबर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, उस्तादांचं पट्ट्या बांधून चाकावर आलं. पुढच्या काचेपाशी बाबासाहेबांचा फोटो आणि पंचरंगी झेंड्याचा स्टिकर. हिवाळ्याचे दिवस होते, दक्षिणेच्या वाळवंटात तंबू पडले होते, आणि तिथेच एका कंपनीने तेलवाल्यांची जुनी वसाहत नव्याने बांधून लोकांना पाहायला खुली केली होती. उस्तादांचं ‘हुबेहूब गाव’ तेच.

मआमीरहून वाळवंट अर्ध्या तासावर. त्यामुळे आम्ही उलट दिशेने निघालो. उस्तादांनी हिशेब केला की तीन दिवस पुरवायचे तर दर वीस किलोमीटरला मुक्काम हवा. पहिला मुक्काम अराद, घरापासून वीस मिनिटांवर. तिथे किल्ल्यासमोर बस उभी करून चाकांखाली दगड लावले, स्टोव्ह पेटवला आणि काकूंना फोल्डिंगच्या खुर्चीवर बसवून विचारलं, “थकली काय?”

“कशाने?” काकू म्हणाल्या.

तेवढ्यात ट्रॅफिक पोलीस आला. बसमध्ये पोहे शिजताना त्याने पहिल्यांदाच पाहिले असावेत. कागद पाहिले, ते चोख होते. मग त्याची नजर फोटोवर गेली. हे कोण, असं त्याने विचारलं. झालं! उस्तादांनी त्याला अरबीत बाबासाहेब सांगायला घेतले ते महाडच्या तळ्यापासून राज्यघटनेपर्यंत. पोलीस आधी उभा होता, मग टेकला, शेवटी पोहे खाऊन “माशाल्ला” म्हणून गेला. काकूंनी घड्याळात पाहिलं.

“पंचवीस मिनिटं,” त्या मला हळूच म्हणाल्या. “ओळख ना पाळख. पंचवीस मिनिटं बोलले.”

दुसरा मुक्काम बुदैयाच्या बाजूला, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खजुरांपाशी. तिथेही तेच. शेतकऱ्याशी पाण्याच्या खारेपणावर तासभर, काकूंशी “गार आहे, शाल घे” एवढं. मी चिमटे काढत होतो, डोळ्यांनी खुणावत होतो. उस्ताद माझ्याकडे असे पाहत की जणू मी त्यांना गेजशिवाय प्रेशर सांगायला लावतोय. बहरीनला आल्यापासूनच्या बारा दिवसांत काकूंनी मात्र दुकानांतून, लिफ्टमधून, भाजीवाल्याकडून तीन अरबी शब्द उचलले होते, खलास, यल्ला आणि मफी. ‘यल्ला’ म्हणजे चला, ‘मफी’ म्हणजे नाही. भाजीवाल्याशी त्या एवढ्यावरच घासाघीस करत. उस्तादांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गावात पोचलो. गाव छान केलं होतं. तेलविहिरीचा लाकडी मनोरा, पगाराची खिडकी, खिडकीमागे पुतळ्याचा कारकून, इंग्रज साहेबाचा बंगला, बंगल्यात ग्रामोफोन. अबाया घातलेली एक तरुण बहरिनी मुलगी माहिती सांगत होती. उस्ताद खुशीत होते. काकूंना पुढे घालून “हे पाह्य, थे पाह्य” करत होते. मला वाटलं, आता बंगल्याच्या ओट्यावर बसवून विचारतात बहुतेक. आणि तेवढ्यात त्यांना मनोऱ्यावरचं गेज दिसलं.

“हे चुकीचं आहे,” ते म्हणाले.

“असू द्या हो,” मी म्हणालो.

“काऊन असू दे? हे टेंपरेचरचं आहे! प्रेशरच्या लाईनवर टेंपरेचरचं गेज? लोकं पाहून काय म्हनतीन?”

लोक म्हणत काहीच नव्हते, सेल्फी काढत होते. पण उस्तादांनी त्या मुलीला गाठून अरबीत तक्रार केली. दुसरी कुणी असती तर कंटाळली असती. ही आनंदली. तिने विचारलं, तुम्हाला एवढं कसं माहीत? उस्ताद म्हणाले, छत्तीस वर्षं हेच करतोय. मग तर तिने टाळीच वाजवली आणि “यल्ला, यल्ला” करत आम्हाला गावाच्या शेवटच्या ओळीत नेलं. तिथे काय असेल याची उस्तादांना कल्पना नव्हती. तिथे पत्र्याची एक केबिन होती. कामगारांच्या कॅम्पातली खोली, उस्ताद आले त्या काळातली. आत चार पलंग, इस्त्रीच्या चादरी, कोपऱ्यात टेबलावर टेपरेकॉर्डर.

उस्तादांचा चेहरा उतरला. मुलीने मोबाईल त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाली, तुम्ही त्या वेळी कसे राहत होता ते सांगा, आम्हाला रेकॉर्ड करायचंय.

आता इथे सांगायला हवं की काकूंना उस्तादांनी कायम कळवलं होतं, की मला स्वतंत्र खोली आहे, एसी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. चौथ्या शीलाचा खोकला तो हाच. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, त्या चार गुळगुळीत पलंगांकडे पाहिलं. चुकीचं रीडिंग त्यांच्याने सोसवेना. पण त्यांनी वाट काढली. खरं सांगितलं, फक्त अरबीत.

“काय म्हणतात?” काकूंनी मला विचारलं.

उस्तादांनी बोलता बोलताच माझ्याकडे एक नजर टाकली. माझ्या नोकरीतली सगळ्यात अवघड ड्यूटी ती. मी म्हणालो, “म्हणतात, खोली मोठी होती.”

उस्तादांनी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग आणखी दोन.

“ही बारा कसली?”

“बारा फूट. रुंदी.”

“आणि आता?”

“म्हणतात, एसी फार छान होता. समुद्राचा वारा...”

आणि त्याच क्षणी उस्ताद मोठ्याने म्हणाले, “एसी मफी! बहर मफी! कुल्लू मफी!” बहर म्हणजे समुद्र, कुल्लू म्हणजे सगळंच.

काकू माझ्याकडे वळल्या. चाळीस पोरांच्या वर्गात खोटं बोलणारं पोर ज्या नजरेने हुडकतात, ती नजर होती. “मफी मला कळतं,” त्या म्हणाल्या.

उस्ताद थांबले. मुलीला काही उमगलं नाही, पण तिनेही मोबाईल खाली घेतला. काकू केबिनमध्ये शिरल्या. “मला मराठीत सांगा,” त्या म्हणाल्या. “कोण कुठे झोपायचं?”

मग उस्तादांनी सांगितलं. आधी दारातूनच, मग आत जाऊन, मग हातवारे करून. पलंग चार नव्हे, दुमजली सहा. माणसं बारा. पंखा एक, तोही वरच्याच्या डोक्याला लागायचा. पाण्याचा टँकर एक दिवसाआड. हे बोलता बोलता त्यांच्यातला फोरमन जागा झाला आणि त्यांनी कोपऱ्यातलं टेबल ओढून खोलीच्या मधोमध आणलं. “हे इथं होतं. स्टूल होता. टेप पठानाचा. चोरीला जाऊ नये म्हनून त्यानं साखळीनं बांधला होता.”

“मधोमध?” काकू म्हणाल्या. “साखळीने?”

“हो.”

“मग मी पाठवलेल्या कॅसेटी तुम्ही कुठे ऐकायचे?”

त्या काळी फोन परवडत नसे आणि पत्रात मन भरत नसे. गल्फमधली माणसं आणि त्यांच्या बायका बोलणं कॅसेटवर भरून, सुट्टीवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवत. हे मी ऐकून होतो. पण बारा माणसं, एक टेप आणि एक साखळी हा हिशेब माझ्याही डोक्यात कधी आला नव्हता. उस्ताद टेपरेकॉर्डरचं बटण चाचपत राहिले. “इथंच,” ते म्हणाले.

“सगळ्यांसमोर?”

“सगळे थकून येत. बाहेर कुठी पाठवू त्याह्यले?”

“मी काय काय बोलले होते त्यात!” काकूंचा आवाज चढला आणि शाळेची मराठी सुटली. “नवीन लग्न होतं माह्यं! लाज नाही वाटली तुमाले?”

“त्याह्यले मराठी कुठी समजे? पठान, मल्याळी, बंगाली...”

“हां.”

“एक रत्नागिरीचा होता,” उस्तादांच्या तोंडून निघून गेलं. गेज खोटं बोलत नाही. “थो हिंदीत सांगे सगळ्याह्यले.”

मला वाटलं, काकू आता त्या टेपनेच हाणतात. पण त्या पलंगावर बसल्या. “नीट सांगायचा का?” त्यांनी विचारलं. मास्तरीण ती मास्तरीण.

“एकदम नीट. तू बोलनं संपल्यावर कॅसेट तशीच चालू ठेवून कामाले लागे न? थे पन आम्ही ऐको. भांडे, कुकर, पोराचे पाढे. मी बंद कराले उठलो त पठान हात धरे. त्याच्या घरून कॅसेट येत नव्हती.”

मग काकूंनी विचारलं, अगदी हळू, “पहिल्या कॅसेटीत मी एक गोष्ट विचारली होती. आठवते? तुम्हाला घराची आठवण येते की माझी, असं विचारलं होतं. तुमचं उत्तर आलं, हवा गरम आहे, तब्येत ठीक आहे. मी ती कॅसेट चार वेळा ऐकली. दोन्ही बाजूंनी. मला वाटलं, संपलं. या माणसाला काही सांगायचंच नाही.”

“अकरा जन समोर बसून होते,” उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. “टेपच्या भोवताल. म्हने, उस्ताद, जवाब दे. रत्नागिरीवाला तयारच होता हिंदीत सांगाले. कसा देऊ जवाब? मी हवा सांगितली. मंग... मंग तशीच सवय पडली.”

मी या माणसाला वर्षानुवर्षं फोनवरून चिडवत आलो होतो. त्या मुलीला मराठी कळत नव्हती, पण ती डोळे पुसत होती. त्या खोलीत भाषा न कळता रडायची रीत जुनीच असावी.

काकू उठल्या. “बसमध्ये चला,” त्या उस्तादांना म्हणाल्या. मग मला, “तुम्ही तो मनोरा पाहून या.”

“पाहिला, काकू.”

“पुन्हा पाहा.”

बसचं दार लागलं, पडदे ओढले गेले. मी मनोरा पाहिला. पगाराची खिडकी पाहिली. कारकुनाच्या पुतळ्याशी दोन शब्द बोललो. साहेबाचा बंगला तीनदा झाला. पाऊण तासाने बसचा हॉर्न वाजला.

उस्ताद स्टिअरिंगवर बसले होते. डोळे लाल. “डस्ट आहे,” ते म्हणाले. बाहेर पान हलत नव्हतं. काकू शेजारच्या सीटवर होत्या, चष्मा पुसत. मी मागे जाऊन पलंगावर बसलो. बस सुरू झाली, फाटक गेलं, मोठा रस्ता लागला. घर अर्ध्या तासावर आणि रविवार दुसऱ्या दिवसावर.

“सोमवारचं तिकीट...” मी शेवटी धीर करून म्हणालो.

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

“एका प्रश्नाला पाऊण तास लागला,” त्या म्हणाल्या. “सात वर्षं कॅसेटी पाठवल्या मी. अजून कितीतरी विचारायचं राहिलंय. तो फॅमिली व्हिसाचा अर्ज तुमच्या ऑफिसात कुणाकडे मिळतो?”